गरोदरपणात नोकरी टिकवताना: रजा, पैसे आणि तक्रार, पायरीपायरीने

बाळंतपणाच्या रजेचा हक्क बहुतेकींच्या हातून निसटतो तो तोंडी बोलण्यात आणि हुकलेल्या तारखांत. एचआर गोड बोलून "बघू, वरती विचारते" असं म्हणते. त्यावर विसंबून बाई थांबते आणि दाद मागायची मुदत निघून जाते. म्हणून हे मार्गदर्शन दिवस गेल्याचं कळल्यापासून कामावर परतेपर्यंतच्या क्रमाने दिलं आहे. पहिल्यांदाच आई होणाऱ्या, पहिल्यांदाच नोकरीत रजा मागणाऱ्या बाईने ते हाताशी ठेवावं.

आधी कायदा कोणता ते पाहू

मातृत्व लाभ अधिनियम 1961 सालचा. 2017 च्या दुरुस्तीने रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली. मातृत्वाच्या तरतुदी आता तिच्या सहाव्या प्रकरणात, कलम 59 ते 72 मध्ये आहेत. मूळ हक्क बदललेले नाहीत, कलमांचे आकडे मात्र बदलले आहेत. इंटरनेटवर फिरणाऱ्या अर्जाच्या जुन्या नमुन्यांत "कलम 12" लिहिलेलं असतं. नोकरीवरून काढण्याबद्दलचं ते कलम आता 68 आहे. अर्जात नवा आकडा घाला, नाहीतर समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो.

कारखाना, खाण आणि मळा यांना कामगारांची संख्या कितीही असली तरी हा कायदा लागू आहे. दुकान, कार्यालय, शाळा, रुग्णालय अशा आस्थापनांत गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसं कामाला असली की पुरे.

पगाराची वरची मर्यादा नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. हिंजवडीत किंवा ऐरोलीत टीम लीड असलेल्या मुलींना वाटतं की आपण "कामगार" नाही, म्हणून कामगार कार्यालयाशी आपला संबंध नाही. मातृत्व लाभापुरता तो संबंध आहे. रोजंदारीवरच्या बाईलाही हक्क आहे: दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरच्या कामगार स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली तो मान्य केला. कंत्राटी बाईबद्दल डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणातला 2023 चा निकाल लक्षात ठेवा. रजेचा काळ सुरू असताना करार संपला, तरी पूर्ण 26 आठवड्यांचा लाभ द्यावाच लागतो, असं न्यायालयाने ठरवलं.

सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांचे स्वतंत्र रजा नियम आहेत आणि रजा 180 दिवसांची आहे.

ज्यांचा पगार सध्याच्या 21,000 रुपयांच्या मर्यादेत आहे आणि ज्यांच्या पगारातून ईएसआयसीचे 0.75 टक्के कापले जातात, त्यांना पैसे कंपनी देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ म्हणजेच ईएसआयसी देतं. त्यासाठी आधीच्या सलग दोन अंशदान कालावधींत मिळून 70 दिवसांचं अंशदान भरलेलं असावं लागतं. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. घोटाळा इथे होतो: पगारातून कपात होते, पण मालकाने ती भरलेलीच नसते. दिवस गेल्याचं कळताच आपल्या विमा क्रमांकावर पोर्टलमध्ये भरणा दिसतो का ते तपासा. सातव्या महिन्यात हे कळलं तर धावपळ दुप्पट होते.

पायरी 1: 80 दिवस मोजा

ईएसआयसी नसेल तर एकच अट आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम झालेलं हवं. भरपगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकाने बसवून ठेवलेले) दिवसही यात धरले जातात. प्रोबेशनचा इथे काही संबंध नाही. "कन्फर्म झाल्याशिवाय मॅटर्निटी नाही" असं कंपनीच्या धोरणात छापलेलं असलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही.

सोनोग्राफीच्या कागदावर प्रसूतीची अपेक्षित तारीख ईडीडी म्हणून लिहिलेली असते. तिथून मागे बारा महिने जा आणि हजेरीचे दिवस मोजा. रोजंदारीवर असाल तर मस्टरचा फोटो आत्ताच काढून ठेवा. वाद सुरू झाल्यावर मस्टर सापडत नाही.

दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर 26 आठवडे मिळतात आणि त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर 12 आठवडे, त्यातले आधी जास्तीत जास्त 6. तब्येत चांगली असेल तर प्रसूतीआधीची रजा कमी घ्या. उरलेली सगळी बाळासोबत वापरता येते.

गर्भपात झाला तर दुसऱ्या दिवसापासून 6 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. बाळ मृत जन्मलं तरी कायद्याच्या दृष्टीने ती प्रसूतीच असते. 26 आठवड्यांनंतर असं घडलं तर रजा प्रसूतीचीच मिळते, गर्भपाताची सहा आठवड्यांची नव्हे. या दुःखात कोणी हिशोब करत बसत नाही आणि कंपनी सहा आठवड्यांत परत बोलावते. घरातल्या कोणीतरी हा कागद आधीच वाचून ठेवावा.

पायरी 2: कधी आणि कसं सांगायचं

गरोदर असल्याचं अमुक महिन्याच्या आत सांगायलाच हवं, असं बंधन कायद्यात नाही. मुलाखतीत तर नाहीच. "लग्न कधी? मूल कधी?" या प्रश्नाला "कामाच्या वेळा आणि जबाबदारी मला मान्य आहे" एवढं उत्तर पुरतं. भरतीच्या वेळी लिंगावरून भेदभाव करायला वेतन संहिता, 2019 चं कलम 3 मनाई करतं. आयुर्विमा महामंडळाच्या भरतीच्या फॉर्मवर एकेकाळी पाळीच्या तारखा आणि आधीची गरोदरपणं विचारलेली असत. नीरा माथुर यांना त्यावरून प्रोबेशनमध्ये कमी केलं गेलं. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाकायला सांगितलं. तरी हे खूळ जात नाही. स्टेट बँकेने तीन महिन्यांहून जास्त दिवस गेलेल्या उमेदवारांना "तात्पुरत्या अपात्र" ठरवणारं परिपत्रक काढलं होतं. गदारोळ झाल्यावर जानेवारी 2022 मध्ये ते मागे घेतलं.

रसायनं, जड उचल, सतत उभं राहणं, रात्रपाळी असं काम असेल तर लवकर सांगा. बाकीच्यांनी पहिले तीन महिने थांबायला हरकत नाही.

पण सांगाल तेव्हा लिहून सांगा. पुढे काढून टाकलं आणि कंपनी म्हणाली "आम्हाला माहीतच नव्हतं", तर तुमच्या तक्रारीचा कणाच मोडतो. साहेबांना केबिनमध्ये सांगितलंत तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाका: "आज दुपारी आपल्याशी बोलले त्याप्रमाणे, मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे." प्रत एचआरला.

हलकं काम मिळण्याचा हक्कही मागितल्यावरच मिळतो. अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही मागे एक महिना जा: त्या महिन्यात दगदगीचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही. पुढच्या सहा आठवड्यांत रजा घेतली नसेल तर तेव्हाही नाही. मात्र मागणी तुमच्याकडून जायला हवी.

पायरी 3: रजेची नोटीस

हे पत्र म्हणजे नोटीस आहे, परवानगीचा अर्ज नाही. म्हणून "मंजूर व्हावी ही नम्र विनंती" लिहू नका. मजकूर एवढाच:

"मी ... या पदावर दि. ... पासून काम करते. डॉक्टरांनी माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख ... दिली आहे. मी दि. ... पासून 26 आठवडे प्रसूती रजेवर राहीन. या काळात मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 नुसार मातृत्व लाभाची रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. मला शक्य नसल्यास ती... यांना द्यावी. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे."

"कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही" हे वाक्य गाळू नका, कायदा ते मागतो. ते पाळाही: रजेत दुसरीकडे पगारी काम केलं तर त्या काळाचा लाभ जातो. आणि प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत मालकाने तुम्हाला कामाला लावणंच बेकायदा आहे. "फक्त एक तास लॉगिन कर" हेसुद्धा त्यात आलं.

पत्र इंग्रजीत किंवा मराठीत, कसंही चालतं. ईमेल करा, शिवाय कागदी प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचपावती घ्या. सही द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. एजन्सीमार्फत असाल तर एजन्सी आणि प्रत्यक्ष काम देणारी कंपनी अशा दोघांनाही पाठवा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही. घाईत प्रसूती झाली आणि नोटीस राहून गेली, तरी नंतर शक्य तितक्या लवकर देता येते. नोटीस उशिरा दिली म्हणून हक्क बुडत नाही.

पायरी 4: पैशांचा हिशोब

रजेवर जाण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांचा सरासरी रोज काढतात. तो 26 आठवड्यांच्या सगळ्या दिवसांना, म्हणजे 182 दिवसांना, लावायचा. रविवार वगळून 156 दिवसांचे पैसे हातावर ठेवण्याची युक्ती जुनी आहे. कोइम्बतूरच्या कामगार न्यायालयातून वर गेलेल्या बी. शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितलं की आठवडा सात दिवसांचाच धरायचा. रोज 500 रुपये असेल तर 182 दिवसांचे 91,000 होतात. रविवार वगळले तर 78,000. म्हणजे 13,000 रुपयांचा फटका.

आधीच्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे बिनपगारी सुट्ट्या झाल्या असतील तर भागाकार काम केलेल्या दिवसांनीच करायचा. कंपनी सरळ 90 ने भागत असेल तर लेखी हरकत घ्या.

प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ द्यायची असते, उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यावर 48 तासांत. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या दरमहा पगारासारखी देतात. ती वेळच्या वेळी येत असेल तर वाद घालू नका. "परत आलीस की देऊ" किंवा "नंतर वर्षभर राहिली नाहीस तर परत घेऊ" अशी अट मात्र कायद्यात कुठेही नाही. तशा बाँडवर सही करू नका. मालक मोफत वैद्यकीय सेवा देत नसेल तर 3,500 रुपये वैद्यकीय बोनस वेगळा मिळतो. मागितल्याशिवाय तो बहुधा येत नाही. गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून आजार उद्भवला तर दाखल्यावर आणखी एक महिना भरपगारी रजा आहे.

पायरी 5: दबाव सुरू झाला तर

दबावाचे प्रकार ठरलेले आहेत: अचानक खराब अप्रेझल, पीआयपी (ठरावीक मुदतीत कामगिरी सुधारून दाखवण्याची अट), लांबच्या शाखेत बदली, कारणे दाखवा नोटीस, आणि "राजीनामा दे, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ."

कारणे दाखवा नोटीस का येते ते समजून घ्या. रजेवर असताना, किंवा रजा घेतली म्हणून, काढून टाकणं बेकायदा आहे. रजेवर जाण्याआधी गरोदरपणातच काढलं, तरी लाभ आणि वैद्यकीय बोनस द्यावा लागतो. या दुसऱ्या परिस्थितीत सुटकेची वाट एकच: ठरवून दिलेलं गंभीर गैरवर्तन दाखवून लेखी आदेशाने लाभ नाकारणं. म्हणून कागदोपत्री "गैरवर्तन" तयार केलं जातं. अशा प्रत्येक नोटिशीला दिलेल्या मुदतीत, शांत भाषेत, मुद्देसूद लेखी उत्तर द्या आणि शेवटी एक ओळ टाका: "मी अमुक तारखेला गरोदर असल्याचं कळवल्यानंतरची ही पहिलीच नोटीस आहे." आधीची चांगली अप्रेझल सोबत जोडा.

राजीनाम्यावर सही करू नका. ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. स्वतःहून सोडल्याचं कागदावर आलं की काढून टाकल्याची तक्रार जवळजवळ संपते. खोलीत बसवून सही घेतलीच असेल तर त्याच दिवशी, घरी पोचायच्या आत, ईमेल करा: सही कोणी, किती वाजता, काय सांगून घेतली आणि मी राजीनामा मागे घेते. दोन आठवड्यांनी केलेल्या अशा ईमेलला फारसं वजन उरत नाही.

पुराव्यासाठी नेमणूक पत्र, पगारपत्रकं, हजेरी, अप्रेझल आणि तुमच्याशी झालेले ईमेल वैयक्तिक खात्यावर घ्या. ग्राहकांची माहिती किंवा कंपनीच्या फाइल पाठवू नका, नाहीतर त्याचंच गैरवर्तन होतं. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट तारीख आणि नंबर दिसेल असे, न कापता घ्या. मूळ संदेश फोनमधून पुसू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पोटावरून, शरीरावरून लैंगिक शेरेबाजी होत असेल तर तो 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याचा विषय आहे. दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समितीकडे, नाहीतर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करा. रजेची तक्रार आणि ही तक्रार एका अर्जात मिसळू नका. दोन्हींचे अधिकारी वेगळे आहेत.

पायरी 6: तक्रार कुठे आणि किती दिवसांत

पैसे दिले नाहीत तर कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करा. तो चौकशी करून रक्कम द्यायचा आदेश देऊ शकतो. तो आदेश मान्य नसेल तर अपील 30 दिवसांत. नोकरीवरून काढलं किंवा लाभ नाकारला तर आदेश कळल्यापासून 60 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील. हे 60 दिवस फोनवर अलार्म लावून पाळा. कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही.

महाराष्ट्रात आधी जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही प्रत द्या. काम इंदूर, बेळगाव किंवा पणजीत असेल तर तक्रार तिथल्या कामगार कार्यालयात. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असल्याने काही फरक पडत नाही. अर्जाला घटनांची तारीखवार एक पानी यादी जोडा. अधिकारी आधी तेच पान वाचतात. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

राज्य महिला आयोग पैशांचा आदेश देत नाही, पण कंपनीला सुनावणीला बोलावतो आणि तेवढ्याने अनेकदा कंपनी नरमते. मात्र आयोगाकडे अर्ज दिला म्हणून 60 दिवसांचं अपील थांबवू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत वकील मिळायला स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. 15100 हा त्यांचा क्रमांक.

पायरी 7: परतताना

परतण्याच्या दोन आठवडे आधी ईमेल करून तारीख कळवा आणि पद, पगार, कामाची जागा पूर्वीचीच आहे ना, हे विचारा. रजेमुळे सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करता येत नाहीत. ग्रॅच्युइटीसाठी 26 आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा सलग सेवेत धरली जाते, आणि बोनसचे दिवस मोजतानाही भरपगारी प्रसूती रजा कामाचे दिवस म्हणून धरतात. पहिल्या पगारानंतर दोन्ही तपासून घ्या.

बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन विराम मिळतात, नेहमीच्या सुट्टीखेरीज, आणि त्यांचा पगार कापता येत नाही. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं. घरून काम मात्र हक्क नाही. कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने ठरवायचं.

घरातून "आता कशाला नोकरी, सोडून दे" असा आग्रह आठव्या महिन्यात वाढतो. सोडायचंच असेल तरी रजेआधी राजीनामा देऊ नका. आधी हक्काची रजा आणि पैसे घ्या, निर्णय नंतर.

जिथे मालकच कागदावर नाही

घरकाम, शेतमजुरी, ऊसतोड इथे वरची रजा मिळतच नाही. बीडच्या ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण वाढल्याचं उघड झालं तेव्हा 2019 मध्ये राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. एका दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाचा दंड, ही त्यामागची ओढाताण आहे. गरोदर बाईलाही तोच दंड बसतो, आणि रजेचा कायदा तिच्यापर्यंत पोचलेला नाही ही मोठी उणीव आहे. मिळतं ते तरी सोडू नका.

बांधकाम कामगार म्हणून महाराष्ट्राच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी नैसर्गिक प्रसूतीला 15,000 आणि शस्त्रक्रियेला 20,000 रुपये मिळतात. नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, म्हणून तो दिवस जायच्या आधीच काढलेला बरा. पंतप्रधान मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 3,000 आणि 2,000 अशा दोन हप्त्यांत 5,000 रुपये, आणि दुसरं बाळ मुलगी असल्यास 6,000 रुपये एकदम मिळतात. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे द्यायचा. कोयता घेऊन बाहेरगावी जाणाऱ्या जोडप्याने गाव सोडण्याआधीच नोंद करावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. तपासणीच्या नोंदी त्यावर नसतील तर हप्ता अडकतो. खातं बाईच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, एवढ्यावरूनही पैसे परत जातात, म्हणून ते आधी सारखं करून घ्या.